टेकवायची इस्त्री, ढकलायची इस्त्री

आम्ही विजेशिवाय, वाडवडिलांच्या रीतीने राहणारी ख्रिस्ती शेतकरी माणसं, आणि आमच्या पेक्वे ओढ्याच्या खोऱ्यात सविला नावाच्या बायका पैशाला पासरी. आडनावंही सगळ्यांची तीच चार-पाच, त्यामुळे नुसतं नाव सांगून कुणाचा पत्ता लागत नाही. म्हणून एक कोंबडीवाली सविला आहे, एक उंच सविला आहे (म्हातारपणी ती कमरेत पार वाकली, पण नाव उंच ते उंचच राहिलं) आणि एक इस्त्रीवाली सविला. ही गोष्ट इस्त्रीवालीची.

तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारायची तिने कुणाला सोय ठेवली नाही. भाऊ ओमारच्या शेतघराला चिकटून एक धाकटं घर होतं, आईवडील गेल्यावर ते तिच्याकडे आलं. खालच्या खोलीत काळी लोखंडी चूल, चुलीवर कायम तापत असलेले इस्त्रीचे ठोकळे. भरीव लोखंडाचा ठोकळा तापवायचा, वरून लाकडी मूठ अडकवायची, तो निवला की चुलीवर ठेवून दुसरा उचलायचा, अशी ती जुन्या चालीची इस्त्री. बाकीच्या बायकांकडे गॅसवर चालणाऱ्या इस्त्र्या आल्या, बिशपनेही त्यांना हरकत घेतली नाही. सविलाने मात्र ठोकळे सोडले नाहीत. गॅसची इस्त्री हलकी असते, आणि हलकी इस्त्री हाती आली की माणूस जोर लावतं, असं तिचं म्हणणं.

गोधड्या ती स्वतः शिवत नसे. रंग जुळवणं, तुकडे कापणं यात तिला गती नव्हती आणि ते ती मोकळेपणाने सांगे. तिचं काम नंतरचं. कुणाच्या गोधडीचा वरचा पदर शिवून झाला की चौकटीवर चढवण्याआधी तो इस्त्रीसाठी तिच्याकडे यायचा. एखादी नवी सून नाक उडवून म्हणायची, "इस्त्री काय, कुणीही फिरवील."

"फिरवशीलच," सविला म्हणायची. "म्हणून तर मग माझ्याकडे यावं लागतं."

कारण तिची इस्त्री कधी फिरलीच नाही. ती टेकायची, थोडी थांबायची, सरळ वर उचलली जायची आणि शेजारी पुन्हा टेकायची. आधी शिवण जशी मिटलेली आहे तशीच दाबायची, मग उलगडून गडद कापडाच्या बाजूला पाडायची. कापड निवल्याशिवाय जागचं हलवायचं नाही, कारण गरम कापडाला हात ओढेल तसा आकार येतो. "तिला देवाने लोखंडाचं वजन दिलंय," ती शिकायला आलेल्या पोरींना सांगे. "तू त्यात आपलं कशाला घालतेस?"

खरी कसोटी मोठ्या तारकेच्या गोधडीची. अख्ख्या पलंगावर पसरलेली आठ टोकांची एकच तारका, आणि ती शंकरपाळ्यांएवढ्या शेकडो तुकड्यांची. शंकरपाळीची कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, कापावी लागते. सरळ धाग्यावरचं कापड ओढलं तरी ऐकत नाही. उरेब कापड नुसतं रागाने बघितलं तरी लांबतं. एका तुकड्यात केसभर लांबलं तर कळत नाही. पण असे सगळे तुकडे आपापला केस मध्याकडे ढकलतात, आणि गोधडीच्या मधोमध टेंगूळ येतं. ते आलं की सगळ्या चर्चभर बायकांना दिसतं.

तारका शिवण्यात केतुरा रीलचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओढ्यापलीकडच्या गिडियन रीलची ती बायको. ती शिवायची आणि सविला इस्त्री करायची, अशा दोघींच्या हातून किती तारका गेल्या त्याची गणती नाही. मोठ्या मुलांच्या लग्नाच्या तारका दोघींनी मिळून पुऱ्या केल्या. धाकट्या मिरियमची शिवता शिवता केतुरा आजारी पडली. शिवणयंत्राला पाय चालेना, तर अंथरुणात उशीला टेकून तिने शेवटच्या शिवणी हाताने घातल्या, आणि पदर पुरा झाल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. मिरियमने तो घडी करून पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातलं.

दुखवट्याचे दिवस सरले तसं बायकांनी सविलाचं गिडियनशी मनातल्या मनात लग्न लावून टाकलं. गिडियनला कुणी विचारलं नाही, सविलालाही नाही. सविलाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की गिडियन माणूस चांगला आहे, पण सूप पिताना जो आवाज करतो तो केतुरासारखीच सोसू जाणे. पुढे गिडियन इंडियानात बहिणीकडे गेला आणि तिथून व्हर्ना नावाची विधवा बायको करून आला. बायका सविलाकडे कीव करून बघू लागल्या, आणि नाही म्हटलं तरी त्याचाच तिला राग आला.

व्हर्ना मनाने साधी, अंगाने थोराड, बोलायला मोठी. तिच्या गावच्या टोप्यांना बारीक बारीक चुण्या असतात. आमच्याकडची टोपी वेगळी. इथल्या पहिल्याच रविवारी ती आमच्यासारखी टोपी घालून चर्चला आली आणि जुनी पुन्हा कुणाला दिसली नाही. गिडियनचे शर्ट मात्र त्या दिवसापासून असे कडक झाले, की बाकावर बसताना त्यांचा आवाज यायचा. मोठ्या मुलांनी तिला माम, म्हणजे आई, म्हणायला सुरुवात केली. मिरियम तिला माम म्हणत नसे आणि नावाने व्हर्ना असंही म्हणत नसे. काही सांगायचं झालं तर चुलीकडे बघून सांगे. "दूध उतू जातंय." "उद्या मला उशीर होईल." उत्तर कुणी द्यायचं ते ज्याचं त्याने ओळखावं.

त्या वर्षी गिडियनच्या परसात सेलरीचे वाफे एकाचे चार झाले. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला सेलरी ढिगाने लागते, त्यामुळे वाफे बघितले की यंदा नोव्हेंबरात कुणाकडे लग्न आहे हे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं. मुलीचे आईबाप मात्र, सेलरी पोटाला बरी असते, असं तोंड करून सांगतात. शेवटी चर्चमध्ये मिरियमचं नाव पुकारलं गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती सविलाकडे आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला पांढरा एप्रन होता.

हा एप्रन नवरी लग्नाच्या एकाच दिवशी घालते. मग तो घडी करून ठेवतात आणि पुन्हा काढतात तो ती मेल्यावर तिच्या अंगावर घालायला. केतुराला तिचा एप्रन सविलानेच घातला होता.

"याला तूच इस्त्री कर," मिरियम म्हणाली. "आईला तू घातलास ना. मग माझाही तुझ्याच हातून जाऊ दे."

"अगं, पण खळीचं कापड माझ्या इस्त्रीला जुमानत नाही. माझी भावजय सेडी म्हणते, माझ्या हातचा एप्रन दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकतो."

"टाकू दे."

"आणि घरात व्हर्ना आहे की. तिच्या हातची इस्त्री—"

"मी तुला सांगतेय," मिरियम म्हणाली आणि चुलीकडे बघू लागली. "आईची तारका पण आणणार आहे. पेटीतून काढली. घड्या फार बसल्यात. आधी मावशीकडे जाऊन येते, निमंत्रणं द्यायचीत. आले की आणते."

सविलाने एप्रन कपाटात वरच्या फळीवर ठेवला. खरं सांगायचं तर तिला फार आनंद झाला. स्वतःला मूलबाळ नसलेल्या बाईला असा मान चालून आला म्हणजे काय होतं ते तिला कुणाला सांगताही आलं नसतं. तारकेची तर ती केतुरा गेल्यापासून वाट बघत होती.

तारका आली, पण मिरियमच्या हातून नाही.

"सविला, आहेस का घरात?" व्हर्ना दारात उभी होती. काखेत धुण्याची टोपली होती आणि टोपलीवर चादर टाकलेली.

"चूल पेटलीय म्हणजे आहेच. ये, बस."

"आधी हे बघ. मग बसू का ते सांग."

दोघींनी मिळून कापड पलंगावर पसरलं. मधल्या तांबड्यातून जांभळा, जांभळ्यातून निळा, निळ्यातून हिरवा असे रंग बाहेर जात होते, आणि बरोबर मधोमध, खाली मांजर झोपलं असावं तसा फुगवटा. सविलाने त्यावर तळहात ठेवला. फुगवटा एका बाजूने बसला आणि दुसऱ्या बाजूने वर आला. कापड हाताला कागदासारखं लागत होतं.

"खळ घातलीस?" सविलाने विचारलं.

"घातली."

"पाणी शिंपडून?"

"घड्या जाईनात गं. मग पाणी शिंपडलं, कड धरली आणि जोर लावला. घड्या गेल्या. मी म्हटलं, वा! आणि उचलून बघते तर हे."

"कड धरली," सविला हळूच म्हणाली. "उरेब कड धरून ओढलीस. शर्टाची बाही ओढतात तशी."

व्हर्नाने रिकामी टोपली उचलून पोटाशी धरली.

"माझ्याकडे यायची होती ती, व्हर्ना."

"माहीत आहे. ती बोलली होती तसं. मला नाही, चुलीला. म्हणून तर मी..." व्हर्ना टोपलीची कड नखाने कुरतडत राहिली. "म्हटलं, ती मावशीकडून येईल तेव्हा पलंगावर पसरून ठेवू. ती बघेल आणि विचारेल, कुणी केली? तेवढं तरी विचारेल. इस्त्रीच तर येते मला. तुमच्या इथलं दुसरं काय येतं? तुमचं लोणचं मला जमत नाही, तुमची टोपी मला जमत नाही, तुमची बोलीसुद्धा माझ्या तोंडात वाकडी होते. आता ती आली आणि तिने हे बघितलं, तर लग्न होऊन जाईपर्यंत चुलीशीसुद्धा बोलायची नाही."

सविलाला राग आला होता. केतुराच्या तारकेवर परकी इस्त्री फिरली होती आणि तीही अशी. आणि रागाच्या खाली आणखी एक होतं. ही मोठी, कडक शर्टांची बाई आपल्या दारात अशी उभी आहे, याचं तिला आत कुठेतरी बरं वाटलं. बरं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं ते वाटलंच.

"उसवून परत शिवली तर?" व्हर्नाने विचारलं. "मधल्या शिवणीत थोडं थोडं जास्त धरलं की बसेल ना?"

"बसेल." सविलाने कापड उलटं केलं. मधल्या शिवणींवरचे टाके यंत्राचे नव्हते. कुठे लांब, कुठे आखूड, एक-दोन ठिकाणी दोरा दुहेरी. "हे तिने अंथरुणात घातलेत. घे कात्री. लाव."

व्हर्नाने दोन्ही हात मागे घेतले.

"मग नाही उसवायचं," सविला म्हणाली. "पाणी घालून बघू. आणि रडू नकोस, पाणी कुठे पडायचं ते मी ठरवणार. बस आता."

गार पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्यांनी आधी खळ काढली. तांबडा रंग सुटतो की काय म्हणून सविलाचा जीव टांगणीला लागला होता. पाणी किंचित गुलाबी झालं आणि तेवढ्यावरच थांबलं. मग माडीवरच्या खोलीत स्वच्छ चादर अंथरून त्यावर ओला पदर पसरला. ओमारच्या सुतारकामाच्या पेटीतला गुण्या आणून सविलाने चारी कोपरे काटकोनात लावले, आणि दोघी गुडघ्यांवर बसून बाहेरून आत कापड थापटू लागल्या. बाळाला निजवताना थापटतात तेवढंच. लांबलेलं उरेब कापड ओलं झालं की थोडं थोडं परत फिरतं. सगळं फिरत नाही, पण घाई केली नाही तर बरंच फिरतं.

व्हर्नाचा हात मात्र सवयीचा. थापटता थापटता तो सरकायचा.

"लोटू नकोस!" सविलाने तिच्या मनगटावर चापट मारली.

"लोटत नाही, सपाट करतेय."

"तेच ते. तुला चपटं करायची घाई आहे. त्याला होऊ दे की आपल्या आपण."

"आमच्याकडच्या टोपीला असं थापटत बसलं ना," व्हर्ना म्हणाली, "तर एक चुणी उभी राहायची नाही. दाबायचं, रेटायचं, आणि खळ वाळायच्या आत पुढे जायचं. आख्ख्या चर्चच्या टोप्या माझ्याकडे यायच्या. लग्न असलं की आठवडाभर आधीपासून रांग." ती थोडा वेळ थापटत राहिली. "इथे आले तेव्हा ट्रंकेत एक आणली होती. अजून तिच्या चुण्या तशाच आहेत. घालायची नाही, पण बघते कधीतरी."

सविलाने उठून कॉफी केली आणि काकवीच्या शूफ्लाय पायचा मोठा तुकडा व्हर्नाच्या पुढ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कापड जरा दमट असतानाच इस्त्री सुरू झाली. चुलीवरून ठोकळा आणायचा, ओल्या बोटाने चर्र वाजतो का बघायचं, टेकवायचा, उचलायचा, निवेपर्यंत थांबायचं. मधल्या तांबड्यावर सविलाने जाड ओलं फडकं घातलं आणि ठोकळा नुसता बसवून ठेवला. फडक्याखाली कापड आकसत होतं. व्हर्ना ठोकळे बदलून देत होती. काही वेळाने सविलाने तिच्या हातात मूठ दिली. व्हर्नाने इस्त्री टेकवली आणि श्वास रोखून उभी राहिली, आणि तशीच सरळ उचलली.

"बघ, जमतं की," सविला म्हणाली.

"जमतं गं. पण हातांना काही केल्यासारखंच वाटत नाही."

दुपार कलली तेव्हा दोघींनी पदर पुन्हा पलंगावर पसरला. मांजर गेलं होतं. अगदी मधल्या आठ तुकड्यांत मात्र बोटभर सैल राहिलं होतं, हात फिरवला तरच कळे इतकं.

"दिसेल का?" व्हर्नाने विचारलं.

"चौकटीवर ताणलं की बसेल. बसूनच राहील की नाही ते देव जाणे."

"मिरियमला सांगशील?"

सविलाने पदराची सैलसर घडी घातली. "विचारलं तर खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर माझं तोंड काही आपणहून उघडत नाही."

गोधडी भरायला गिडियनच्या घरी बायका जमल्या तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मिरियम आदल्या संध्याकाळी मावशीकडून परत आली होती. घरी आल्या आल्या तिने तारका पलंगावर बघितली आणि ती म्हणाली, "सविलाकडून आली पण?" व्हर्ना हो म्हणाली. ते खोटं नव्हतं.

चौकटीवर खाली अस्तर, त्यावर कापूस आणि वर तारका ताणली, तेव्हा सगळ्या जवळ येऊन वाकून बघू लागल्या. केतुराला जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि तिचे हात असे एकदम समोर आले. मग कुणीतरी नाक शिंकरलं, कुणीतरी सुई मागितली, आणि खुर्च्या सरकल्या. चौकटीभोवती एकदा बायका बसल्या की तोंडं सुयांच्या पुढे धावतात. कोंबडीवाली सविला सांगत होती, तिच्या दुकानात आलेली एक इंग्लिश बाई (आमच्यातले नसलेले सगळे आम्हाला इंग्लिश) विचारत होती, की तुम्ही गर्व होऊ नये म्हणून गोधडीत एक चूक मुद्दाम ठेवता, ते खरं का?

"मुद्दाम कशाला?" उंच सविला म्हणाली. "माझ्या आपोआप होतात. मोजायला बस म्हणावं."

व्हर्ना स्वयंपाकघरात होती. पंचवीस जणींचं जेवण तिने एकटीने अंगावर घेतलं होतं. चौकटीपाशी ती एकदाही बसली नाही. सविलाच्या ते लक्षात आलं होतं.

गोधडी कडेकडून भरत मध्याकडे येतात. भरलेला भाग दांडीवर गुंडाळायचा, चौकट अरुंद करायची, आणि पुन्हा बसायचं. टाके घालता घालता जिथे जे सैल असेल ते हळूहळू पुढे सरकतं. जेवणं झाली, आणखी दोनदा गुंडाळून झालं, आणि तांबडा मध्य समोर आला तेव्हा सगळा झोळ तिथे येऊन बसला होता. टेंगूळ मोठं नव्हतं, पण होतं.

उंच सविला तोंडाची फटकळ, आणि तिचं नाक आता चौकटीच्याच उंचीला आलेलं. "अगं बाई," ती म्हणाली, "हे काय? ही तुझ्याकडूनच आली ना, सविला?"

सगळ्या सुया थांबल्या. मिरियमनेही मान वर केली.

"शेवटची इस्त्री माझ्याच हातची आहे," सविला म्हणाली.

शब्दन् शब्द खरा होता. तरी बोलून झाल्यावर तिचे कान तापले.

"वय झालं गं तुझं," उंच सविला मायेने म्हणाली. "होतं असं. माझ्या हाताला तर कंपच सुटलाय."

बायकांनी माना हलवल्या. कुणी वाईट बोललं नाही. पण पुढच्या वेळी आपला पदर सविलाकडे पाठवायचा की नाही, हे प्रत्येकीच्या मनात येऊन गेलं, आणि ते सविलाला चौकटीवरच्या टाक्यांइतकं स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं तिच्याजवळ दुसरं होतं काय? गर्व करू नये हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि आपल्याला तो नाही असं तिला मनापासून वाटायचं. आता तो आत कुठे बसला होता ते कळलं, कारण तिथे दुखत होतं. तिने खाली बघून सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही जाईना.

"ती मी केली."

व्हर्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत साबणाचा फेस. तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण शेवटी फाटला.

"सविलाने नाही. मी. खळ घातली, पाणी मारलं, कड धरून रेटली. केवढा तरी डोंगर झाला होता तिथे. सविलाने दोन दिवस खपून तो एवढ्यावर आणला. तिचा हात चुकलेला नाही. चुकला तो माझा."

चर्चमध्ये सगळ्यांसमोर चूक कबूल करताना माणूस गुडघे टेकतं. व्हर्ना उभीच होती, पण खोलीत तशीच शांतता झाली. सविलाने मिरियमकडे बघितलं. मिरियमचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिचं एक बोट त्या मधल्या शिवणीवर, आत दडलेल्या आईच्या आखूड-लांब टाक्यांवर टेकलेलं होतं.

"का?" मिरियमने विचारलं. आणि विचारताना ती चुलीकडे बघत नव्हती.

"तुला आवडेल वाटलं," व्हर्ना म्हणाली.

व्हर्नाच्या कोपरावरून फेस जमिनीवर टपकत होता. मग ती वळली आणि आत गेली, आणि भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मिरियमने पदर खालून, वरून चाचपून बघितला. "सविला," ती म्हणाली, "टाके अगदी जवळ जवळ घातले तर हे बसेल?"

"बसेल. सैल सगळं टाक्यांखाली जिरवायचं. वेळ लागेल."

"लागू दे."

तो मधला तांबडा भाग मिरियमने एकटीने भरला. बाकीच्या आजूबाजूचं जांभळं भरत राहिल्या. ती इतके दाट टाके घालत होती, की कापड हाताला खडबडीत लागायला लागलं. उन्हं खिडकीतून उतरून भिंतीवर गेली तेव्हा टेंगूळ कुठे होतं ते दाखवता आलं नसतं. पण हाताला कळलं असतं, आणि पुढेही कायम कळत राहील. बायका शाली घेऊ लागल्या. ज्यांना गाई पिळायच्या होत्या त्या आधीच निघाल्या होत्या.

सविला आपली टोपी बांधत होती तेव्हा मिरियम तिच्याजवळ आली.

"माझा एप्रन झाला का गं?"

"नाही झाला." सविलाने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एप्रन काढला. सकाळी घरून निघताना तिने तो वरच्या फळीवरून का काढून घेतला होता, ते तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. आता तो हातात घेताना माहीत होतं, आणि द्यावासाही वाटत नव्हता. "माझी इस्त्री टेकवायची, पोरी. गोधडीला ती बरी. एप्रनला ढकलणारी लागते. मी केला तर दुपारपर्यंत मान टाकेल."

"मी म्हटलं होतं ना, टाकू दे."

"तू म्हटलं होतंस."

एप्रन सविलाने पुढे धरलेला होता तसाच धरून ठेवला. मिरियमने तो घेतला, कागद थोडा उलगडला, आणि ते कोरं पांढरं कापड बघत उभी राहिली. आत व्हर्ना शेवटची परात घासत होती.

मिरियम स्वयंपाकघरात गेली. सविला दारातच थांबली.

"व्हर्ना," मिरियम म्हणाली.

परातीवरचा हात थांबला. त्या घरात आल्यापासून त्या आवाजात ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

"हात पुसून घे. हा पांढरा आहे."

व्हर्नाने हात पुसले. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन पुन्हा पुसले, बोट न् बोट, आणि मगच दोन्ही हात पुढे केले.